पैनगंगेपलीकडचा 'नक्को'

आमच्या कळंबात कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की आधी चिंतामणीच्या पायऱ्या उतरतं. उतरतं म्हणते, कारण इतर ठिकाणी देवासाठी पायऱ्या चढाव्या लागतात, इथे देव जमिनीच्या पोटात बसला आहे. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने ही मूर्ती स्थापन केली अशी कथा आहे, आणि बारा वर्षांनी कुंडातलं पाणी वर चढून गणपतीच्या पायांना लागतं ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. गेल्या डिसेंबरात मीही हात जोडून त्या पायऱ्या उतरले. पण 'प्रवास सुखाचा होवो' असं काही मी मागितलं नाही. हा प्रवास रद्द व्हावा, एवढंच मागितलं.

मुलाने, मंगेशने, हैदराबादला जायचं ठरवलं होतं. तो, सूनबाई, मी आणि पावणेतीन वर्षांचा गोलू. सूनबाईंना लग्नानंतर चार वर्षांत माहेर आणि यवतमाळचा दवाखाना यापलीकडे कुठे जाता आलं नव्हतं, हे मलाही दिसत होतं. पण गोलू बोलत नव्हता. त्याच्याजवळ तीन शब्द होते. भूक लागली की 'मम', एसटी दिसली की 'पीं', आणि बाकी साऱ्या जगासाठी एकच शब्द, 'नको'.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. दुसऱ्यांची शेकडो लेकरं माझ्यासमोर बोलती झाली, वाचती झाली आणि घरचाच नातू मुका, हे मनाला फार लागतं. गल्लीतून जाताना कुणी ना कुणी विचारणारच, "काहून वं मास्तरीणबाई, पोट्टं अजून बोलत नाई का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण घरी येऊन पाणी पिईपर्यंत तो प्रश्न घशात असतो. मधाचं बोट झालं, वेखंड झालं, नवस झाले. सूनबाईंनी मात्र त्याला यवतमाळला नेऊन कान तपासून आणले. कान उत्तम होते. मग दर गुरुवारी स्पीच थेरपीच्या बाईंकडे जाणं सुरू झालं.

माझं म्हणणं साधं होतं. ज्या लेकराला आपली एक भाषा येईना, त्याला तेलुगू, उर्दू, हिंदीच्या बाजारात नेऊन उभं करायचं कशाला? असेल नसेल तेही विसरेल. थेरपीच्या बाई म्हणाल्या, "आजी, चार भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं असं नसतं. तुम्ही खुशाल जा. फक्त त्याला प्रश्न कमी विचारा." पहिलं वाक्य मला पटलं नाही. दुसऱ्याकडे मी लक्षच दिलं नाही.

चिंतामणीने माझं ऐकलं नाही आणि सकाळी सहाला आम्ही निघालो.

कळंबहून राळेगाव, राळेगावहून वडकी, आणि वडकीला मोठा रस्ता लागतो. हा पूर्वीचा सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आता त्याला ४४ म्हणतात. श्रीनगरहून निघतो तो थेट कन्याकुमारीला थांबतो. आमच्या वाट्याला त्यातला करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी आणि पुढे हैदराबादपर्यंतचा तुकडा आला. घरापासून चारशे-सव्वाचारशे किलोमीटर होतात. मोठ्या माणसांना हे सात-आठ तासांचं अंतर. लहान मूल बरोबर असलं की त्यात चार तास मिळवायचे, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला. महामार्ग चौपदरी झाला, पण लेकराची चड्डी बदलायला बरी जागा शोधता शोधता अर्धी माणसं जेवून पुढे गेलेली असतात. शेवटी गाडीचा मागचा दरवाजा उघडून, माझ्या लुगड्याचा आडोसा करून, तुरीच्या शेताच्या साक्षीने ते काम उरकायचं. सूनबाई यात इतक्या तरबेज झाल्या की परतीच्या वाटेवर मला त्यांचं कौतुक वाटायला लागलं.

पाटणबोरी ओलांडली की पैनगंगा येते. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. २०१४ सालच्या जूनपर्यंत पलीकडे आंध्र प्रदेश होता आणि आमच्या भागातली जुनी माणसं अजून 'आंध्रात गेलो होतो' असंच म्हणतात. मी खिडकीशी सावरून बसले. सीमा म्हणजे काहीतरी दिसेल अशी अपेक्षा होती. दिसलं ते असं की अलीकडे काळी माती आणि कापूस, पलीकडे काळी माती आणि कापूस. वेचणाऱ्या बायांच्या कमरेच्या ओट्यासुद्धा तशाच. फक्त पाट्यांवरची अक्षरं एकदम गोल गोल झाली. जन्मभर मुलांना अक्षरं गिरवायला लावणारी मी, एका पुलाच्या अंतरावर निरक्षर झाले! गंमत वाटली आणि थोडी भीतीही. गोलूला रोज असंच वाटत असेल का, असं मनात येऊन गेलं. पण तेवढ्यात त्याला एसटी दिसली आणि "पीं" झालं. ती महाराष्ट्राची नव्हती, पण त्याने भेद केला नाही.

आदिलाबादला चहाला थांबलो. मी आपली हातवारे करून दूध मागते आहे, तर टपरीवाला म्हणाला, "साखर घालायची का बाळाच्या दुधात?" स्वच्छ मराठी! त्या जिल्ह्यात मराठी बोलणारे पुष्कळ आहेत. आमच्या चंद्रपूरकडचा राजुरा तालुकासुद्धा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. नकाशावरच्या रेषा ओढणारे ओढतात, माणसं जिथल्या तिथेच राहतात.

पुढे निर्मळचा घाट आणि निर्मळ गाव. इथली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. पोनिकी नावाच्या अगदी हलक्या लाकडाचे तुकडे कोरून, जोडून, वरून रंग देऊन कारागीर पक्षी, प्राणी, फळं बनवतात. खरी वाटावीत अशी फळं! मी लगेच एक पेरू, एक सीताफळ घेतलं आणि गाडीत बसल्या बसल्या वर्ग सुरू केला. "गोलू, हे काय? पेरू म्हण. पे-रू." गोलूने पेरू चावून पाहिला, खोटा निघाला म्हणून खाली टाकला आणि म्हणाला, "नको." मंगेश आरशातून माझ्याकडे बघून हसला. मला राग आला. तो आवरेपर्यंत सोनचा पूल आला, खाली गोदावरी होती, आणि नाणं टाकायच्या घाईत विषय तिथेच राहिला.

हैदराबादला पोचायला संध्याकाळचे साडेसहा झाले. उतरलो काचीगुड्याला, ह्यांच्या आतेबहिणीकडे. हे जाऊन सहा वर्षं झाली, पण नलूवन्संनी नातं सांभाळलं आहे. त्यांचं सासर मूळ नांदेडचं. मराठवाड्यातले पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, तेव्हा नांदेडकरांना, परभणीकरांना राजधानी म्हणजे मुंबई नव्हे, हैदराबाद. शिकायला यायचं तर तिथे, नोकरीला तर तिथे, कोर्टाची पायरीही तिथेच. वन्संचे सासरे उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकले. १९१८ साली निघालेल्या या विद्यापीठाचं शिक्षणाचं माध्यमच तेव्हा उर्दू होतं. घरात मराठी टिकली ती विवेकवर्धिनीसारख्या संस्थांच्या आधाराने. ही शाळा १९०७ ची. सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत आजही दारावर कुलकर्णी, देशपांडे, जोशी अशा पाट्या दिसतात.

आणि आम्ही वऱ्हाडातले काही या गावाला अगदीच परके नाही बरं का. वऱ्हाड निजामाचंच होतं. १८५३ साली त्याने ते इंग्रजांच्या हवाली केलं, पण कागदोपत्री मालकी सोडली नाही. इतकी, की १९३६ पासून निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र हा किताब होता. आमचं कळंब अकबराच्या काळी एका सरकारचं ठाणं होतं, 'ऐने अकबरी'त त्याचं नाव आहे. हे सगळं मी वन्संना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते राहू दे वहिनी, आधी जेवून घे."

दुसऱ्या दिवसापासून शहर बघणं सुरू झालं. मंगेशने मोबाईलवर यादी केली होती. पहिल्या दिवशी प्राणिसंग्रहालय आणि हुसेनसागर, दुसऱ्या दिवशी सालारजंग, चारमिनार आणि गोवळकोंडा. ही यादी पहिल्या दिवशी दुपारी बारालाच निकालात निघाली. १९६३ साली लोकांसाठी उघडलेल्या नेहरू प्राणिसंग्रहालयात वाघ आहे, सिंह आहे, हत्ती आहे. गोलूने त्यातलं काही बघितलं नाही. एका गळक्या नळाखाली चिखल झाला होता आणि त्याच्या काठाने मुंग्यांची रांग चालली होती, तिथे तो पाऊण तास उकिडवा बसला. मंगेश चिडला. "तिकीट काढून मुंग्या बघायला आलो का? मुंग्या काय कळंबात नाहीत?" सूनबाई शांतपणे त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. काही बोलल्या नाहीत, काही विचारलं नाही, नुसत्या बसल्या. हुसेनसागर पाहिला तेव्हा गोलू झोपेत होता. त्या तलावातला अखंड दगडाचा बुद्ध १९९० साली नेताना तराफ्यासकट पाण्यात गेला, माणसं बुडाली, आणि दोन वर्षांनी मूर्ती वर काढून उभी केली. लेकरू मांडीवर निजलेलं असताना आम्ही तिघांनी तो बुद्ध शांतपणे पाहिला. सहलीत मोठ्यांना मिळालेला तोच एक निवांत तास.

गोवळकोंडा आम्ही सोडूनच दिला. लहान मूल बरोबर असेल तर दिवसाला एकच ठिकाण आणि दुपारी घरी झोप, हा नियम नलूवन्संनी घालून दिला आणि तो सोन्यासारखा आहे. खाण्याचंही तेच. तेलंगणचा रस्सा आमच्या वऱ्हाडी तिखटाला मागे सारतो. गोलू तीन दिवस इडली आणि दहीभातावर राहिला. दहीभाताला तिकडे 'पेरुगु अन्नम' म्हणतात एवढी तेलुगू मी पहिल्याच दिवशी पाठ केली.

सालारजंग संग्रहालयात ते प्रसिद्ध घड्याळ आहे. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी कंपनीचं. त्यात एक चिमुकला लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो आणि तास भरायच्या आधी दारातून एक दाढीवाला बाहुला येऊन घंटेवर टोले देतो. त्यासाठी दर तासाला समोर माणसांची गर्दी जमते. आम्ही बाराच्या टोल्यांना गेलो, म्हणजे पुरे बारा! आजूबाजूला तेलुगू, उर्दू, हिंदी, कानडी, आणि बाहुला बाहेर आला तशी सगळी चिडीचूप. एका हॉलभर माणसं, आणि बोलत कुणीच नाही. मी पहिल्यांदाच पाहिलं की गप्प असणं गोलूला शोभून दिसतं. तो मंगेशच्या खांद्यावर बसून, दर टोल्याला मान हलवत होता. टोले संपल्यावर माझ्या तोंडात प्रश्न आलाच होता, "गोलू, किती वाजले? बाहुला कसा आला?" का कोण जाणे, मी तो गिळला.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

चारमिनारला आम्ही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली हे शहर वसवलं आणि मधोमध हे चार मिनार उभे केले, सुमारे १६० फूट उंच. शेजारी लाड बाजार. लाखेच्या, काचेचे खडे जडवलेल्या बांगड्यांच्या इतक्या दुकानांत सूनबाईंना मोकळं सोडलं आणि मी गोलूला घेऊन एका इराणी चहाच्या हॉटेलात बाकावर बसले. गर्दी, हॉर्न, दिवे. लेकरू पार वैतागलं होतं. चहा आणणारा म्हातारा माणूस, पांढरी दाढी, खांद्यावर फडकं. त्याने बशीतून एक उस्मानिया बिस्किट गोलूपुढे धरलं.

"नको," गोलू म्हणाला.

घरी याच्यापुढे काय होतं ते मला पाठ आहे. कुणी म्हणतं, "असं नाही म्हणायचं, घे म्हण." कुणी म्हणतं, "बिस्किट म्हण, मग देतो." मी तर हमखास. पण म्हाताऱ्याने भुवया वर केल्या आणि अगदी बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "नक्को? कायकू नक्को?"

गोलू चमकला. स्वतःचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून, तोही थोडा जाड होऊन परत आलेला. त्याने पुन्हा म्हणून पाहिलं, "नको."

"नक्को तो नक्को," म्हातारा म्हणाला आणि बिस्किट मागे घेतलं.

"नको!"

"हौ, नक्को."

मग सुरू झालं. "नको" "नक्को" "नको" "नक्को." एकदा हळू, एकदा मोठ्याने, एकदा कुजबुजत. म्हातारा दुसऱ्या टेबलाला चहा देऊन येई आणि जाता जाता "नक्को" टाकून जाई, गोलू त्याची वाट बघत बसे आणि तो आला की आधीच "नको" म्हणून खदखदून हसे. मी मोजलं नाही, पण पंधरा-वीस वेळा झालं असेल. शेवटी बिस्किट कधी त्याच्या हातात गेलं आणि कधी संपलं ते मलाही कळलं नाही.

माझा चहा गार झाला. एकतीस वर्षं बोलणं शिकवणाऱ्या बाईच्या समोर तिच्या नातवाने आयुष्यातलं पहिलं संभाषण केलं होतं, आणि तिने त्यात एका अक्षराचीही मदत केलेली नव्हती. उलट गेलं वर्षभर मी त्याची परीक्षा घेत होते. हे काय, ते काय, म्हण, म्हणून दाखव. त्याच्याजवळ एकच खणखणीत नाणं होतं आणि घरातलं कुणी ते घेत नव्हतं. 'प्रश्न कमी विचारा' असं थेरपीच्या बाई सांगत होत्या ते हेच असणार. मी ते ऐकलं होतं, पण शाळेतल्या बाईला कुणी प्रश्न विचारू नका म्हणालं तर ती काय ऐकणार!

रात्री वन्संना सांगितलं तर त्या हसायला लागल्या. "अगं, तो शब्द तुमचाच आहे की." खरंच आहे ते. १३२७ च्या सुमाराला मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून देवगिरीला राजधानी हलवली, दिल्लीकडची बोली इकडे आली आणि मराठी, तेलुगू, कानडीच्या शेजारात राहून तिची दख्खनी झाली. या शहराचा संस्थापक कुली कुतुबशहा स्वतः दख्खनीत कविता करी. त्या दख्खनीने मराठीकडून 'नको' घेतला आणि त्याला 'क'चं वजन देऊन 'नक्को' केला. आपला जोर देण्याचा 'च'ही तिने उचलला, 'ऐसाइच', 'मैंइच'. दिल्ली-लखनौचा उर्दूवाला या दोन्हींना हसतो म्हणे. हसू दे. आणि म्हाताऱ्याचा तो 'हौ' ऐकताना मला तर आमच्या वऱ्हाडी 'हाव'चीच आठवण झाली. गोलूजवळ होता तोच शब्द नेमका सातशे वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता आणि पैनगंगेपलीकडे सुखाने नांदत होता. असेल नसेल ते विसरेल म्हणून मी घाबरत होते!

मी दुसऱ्या दिवशी सूनबाईंना एवढंच म्हणाले, "त्या दिवशी मुंग्यांपाशी तू बसलीस ते बरं केलंस." त्या काही बोलल्या नाहीत. पण परत येताना गाडीत त्यांनी पुढची सीट मला दिली आणि स्वतः मागे बसून लाखेच्या बांगड्या गोलूला हातात घालून काढून दाखवत राहिल्या, कामारेड्डीपासून थेट गोदावरीपर्यंत.

आता कुणी म्हणेल, मग पोरगं बोलायला लागलं का? नाही हो. असं कुठे होतं का? घरी आलो त्या दिवशी त्याच्याजवळ तीन शब्द होते, चौथा आला त्याला तीन आठवडे लागले. तो 'पानी' होता, आणि 'ण' नाही म्हणून मी जीभ चावून गप्प बसले. आज अकरा आहेत. दर गुरुवारी यवतमाळला जाणं चालूच आहे, आणि बाई म्हणतात, अजून बरेच दिवस चालेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली, तेव्हापासून 'पीं'चे दोन प्रकार झाले आहेत, एक एसटीचं आणि एक गाडीचं. ऐकणाऱ्याला फरक कळतो.

गल्लीतला प्रश्न मात्र बंद झालेला नाही. परवाच चिंतामणीच्या पायऱ्यांवर एका ओळखीच्या बाईंनी गोलूची हनुवटी धरून विचारलं, "काय रे, नाव काय तुझं? सांग ना, नाव सांग." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नको."

"नक्को तो नक्को," मी म्हणाले. बाई बघतच राहिल्या. गोलू इतका हसला की त्याला कडेवर घेऊन पायऱ्या उतराव्या लागल्या.